घरी बांधलेल्या गाडीचा क्लच सुटत नाही? नट फिरवण्याआधी फोर्क आणि केबलची रेषा तपासा

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात बागेतून घड बाहेर काढायला बांधलेली चारचाकी असो, की शिरपूर-फैजपूरच्या अभियांत्रिकी कॉलेजातल्या पोरांनी पाइप वाकवून बनवलेली बग्गी, आतलं इंजिन बहुतेक वेळा मारुती ८०० किंवा ओम्नीचंच निघतं. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं हे इंजिन गिअरबॉक्ससकट भंगारात सहज मिळतं, वजनाला हलकं आहे आणि कोणताही मिस्त्री ते उघडू शकतो. अडचण येते क्लचपाशी, म्हणजे पेडल दाबलं की इंजिनाची ताकद गिअरबॉक्सपासून तोडणाऱ्या भागापाशी. कंपनीने बनवलेल्या गाडीत पेडल, केबल, केबलचं टोक धरणारं ब्रॅकेट आणि क्लचचं बेअरिंग ढकलणारा फोर्क यांची जागा एकमेकांना धरून ठरलेली असते. आपण इंजिन मागे नेतो, पेडल दुसऱ्याच गाडीचं लावतो, ब्रॅकेट घरी कापतो. मग गिअर टाकताना खर्रर्र आवाज येतो आणि सगळे केबलचा नट आवळत बसतात.

नट हा शेवटचा उपाय आहे. केबल फोर्कला तिरकी ओढत असेल, तर नट कितीही फिरवा, एक तर क्लच सुटणार नाही किंवा घसरायला लागेल.

एक गोष्ट सुरुवातीलाच. नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवायला मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ३९ प्रमाणे मनाई आहे. त्यामुळे खालच्या सगळ्या चाचण्या शेतात, आवारात किंवा कॉलेजच्या मैदानावर करायच्या.

आधी रोग ओळखा

इंजिन आयडलवर ठेवा, क्लच पूर्ण दाबा, चार-पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. रिव्हर्सला बहुतेक गिअरबॉक्समध्ये वेग जुळवून गिअर बसवणारी सिंक्रो रिंग नसते, म्हणून क्लच थोडा जरी ओढत असला तरी तो लगेच कुरकुरतो. पुढचे गिअर गुपचूप बसतात आणि रिव्हर्सच खरखरतो, याचा अर्थ क्लच जवळजवळ सुटतोय, पण पूर्ण नाही. सगळेच गिअर अडत असतील तर चाल फारच कमी पडते आहे. उलट इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी पळत नाही, तेव्हा क्लच घसरतोय. अशा वेळी केबल जास्त ताणलेली नाही ना, ते आधी बघा.

क्लच नेमका कुठे सुटतो हे इंजिन बंद ठेवूनही कळतं. ज्या चाकांना ताकद जाते त्यांतलं एकच चाक उचला आणि खाली घोडी लावा, विटा नकोत. बाकी तिन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी ओट लावा. चौथा गिअर टाका. हँडब्रेक त्याच चाकांवर असेल तर तो सोडावा लागेल, म्हणूनच ओट पक्के हवेत. आता एकाने पेडल अगदी हळू दाबायचं आणि दुसऱ्याने उचललेलं चाक फिरवायचा प्रयत्न करत राहायचं. चाक ज्या क्षणी मोकळं होईल तेव्हा पेडलची जमिनीपासूनची उंची पट्टीने मोजा. पेडलच्या एकूण चालीत खालून साधारण एक तृतीयांश ते निम्म्यावर क्लच सुटायला हवा. अगदी तळाशी सुटत असेल तर चाल वाया जातेय.

दोन्ही चाकं उचलून ही चाचणी करू नका. डिफरन्शियलमुळे एक चाक फिरवलं की दुसरं उलटं फिरतं, गिअर अडकलेला असला तरी चाक मोकळंच वाटतं आणि निदान चुकतं. इथे पुष्कळ जण फसतात.

चालीचा हिशोब कागदावर मांडा

हत्यारं काढण्याआधी दहा मिनिटं हिशोबाला द्या. समजा, पेडलचा टोकापासून खिळ्यापर्यंतचा (ज्यावर पेडल फिरतं तो) दांडा २४० मिमी आहे आणि खिळ्यापासून केबलच्या हुकापर्यंत ४८ मिमी. म्हणजे प्रमाण ५:१. पेडल १४० मिमी खाली गेलं की तार २८ मिमी ओढली जाते. पेडलची मोकळी चाल २० मिमी धरली, तर त्यात तारेचे ४ मिमी गेले, उरले २४. गिअरबॉक्सवरचा बाहेरचा लिव्हर १०० मिमी आणि आतला फोर्क ४० मिमी असेल तर प्रमाण २.५:१, म्हणजे रिलीज बेअरिंग (फोर्कने ढकललेलं, क्लच दाबून सोडवणारं) ९.६ मिमी पुढे सरकेल. लहान गाडीच्या डायफ्रॅम (बोटांसारख्या पट्ट्यांची गोल स्प्रिंग) क्लचला साधारण ८ मिमी लागतात असं धरा. हाताशी उरलं दीड मिमी.

आता ब्रॅकेट वाकतंय, फायरवॉलचा म्हणजे पेडलसमोरचा पत्रा आत दबतोय आणि आउटर म्हणजे केबलचं बाहेरचं कवच आखडतंय, या तिन्हींत मिळून तारेचे ६ मिमी गेले, तर बेअरिंगला मिळतात ७.२. क्लच सुटणार नाही. आपली मापं मोजून हाच हिशोब करा. आकडे मुळातच कमी पडत असतील तर आधी पेडलच्या हुकाचं भोक बदला. बाकीची मेहनत त्यानंतर.

केबल सोडा आणि लिव्हर हाताने हलवा

केबल काढल्यावर लिव्हर बोटांनी मागेपुढे करा. बेअरिंग डायफ्रॅमच्या बोटांना टेकेपर्यंत तो सहज जायला हवा. मध्येच अडकत असेल, करकरत असेल किंवा सोडल्यावर परत येत नसेल, तर दोष आतमध्ये आहे आणि केबल निर्दोष आहे.

मारुतीसारख्या गिअरबॉक्समध्ये फोर्क एका शाफ्टवर असतो. शाफ्ट हाउसिंगच्या बुशमधून बाहेर येतो आणि त्याच्या दात्यांवर लिव्हर बसतो. लिव्हर शाफ्टच्या लांबीला आडवा धरून हलवा. अर्ध्या मिलीमीटरहून जास्त खेळ लागला तर बुश गेले. असे बुश राहिले तर पेडल दाबल्यावर शाफ्ट आधी तिरका होतो आणि मग फिरतो. तेवढी चाल फुकट जाते. बुश बदलण्याला पर्याय नाही. ग्रीस थोपून खेळ जात नाही.

दुसऱ्या प्रकारच्या गिअरबॉक्समध्ये फोर्क बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या घंटेसारख्या कवचाच्या) खिडकीतून बाहेर येतो आणि आत एका गोळ्यावर टेकून डोलतो. इथे खिडकीचं रबर काढून आत टॉर्च मारा. फोर्क खिडकीच्या मधोमध हवा. केबल न ओढताच तो एका कडेला टेकला असेल तर बहुधा प्रेशर प्लेट एका गाडीची आणि रिलीज बेअरिंगचं धारक दुसऱ्या गाडीचं, असा प्रकार असतो. गोळ्याखाली वॉशर घालून उंची सुधारता येते, पण वॉशर घातल्यावरही ॲल्युमिनिअममध्ये आटे बोल्टच्या जाडीच्या किमान दीडपट खोल बसले पाहिजेत. १० मिमीच्या बोल्टला १५ मिमी. तेवढे उरत नसतील तर योग्य उंचीचं धारक शोधा.

गिअरबॉक्स खाली उतरवलाच असेल तर फोर्कची दोन्ही टोकं बेअरिंगला सारखी टेकतात का ते बघून घ्या. टोकांना काजळी लावा, बेअरिंग बसवून एकदा दाबा आणि काढा. एकाच बाजूला ठसा उमटला तर फोर्क पिळलाय. असा फोर्क बेअरिंगला तिरकं ढकलतो, बेअरिंग नळीवर अडकतं, आणि पेडल दाबलं की थरथरतं. टोकं कठीण केलेली असतात. गॅसच्या ज्योतीवर लाल करून सरळ केली तर मऊ पडतात आणि लवकर झिजतात. फोर्क बदला.

लिव्हरचा कोन

दुरुस्तीचं अर्धं काम या पायरीत आहे आणि घाईत हीच राहून जाते.

लिव्हरचं टोक सरळ रेषेत जात नाही, कमानीत जातं. केबल मात्र सरळच ओढते. म्हणून लिव्हर सुरुवातीला केबलशी काटकोनात ठेवायचा नाही, चालीच्या मध्यावर काटकोनात यावा असा ठेवायचा. वरच्या उदाहरणात १०० मिमीचा लिव्हर २४ मिमी चालतो, म्हणजे साधारण १४ अंश फिरतो. तर सुरुवातीला तो केबलच्या ओढीच्या उलट दिशेला ७ अंश झुकलेला हवा आणि पूर्ण दाबल्यावर ओढीच्या दिशेला ७ अंश. असं केलं तर टोक सरळ रेषेपासून जेमतेम पाऊण मिलीमीटर हटतं. सुरुवातच काटकोनात केली तर जवळजवळ ३ मिमी हटतं, आणि प्रत्येक वेळी तार आउटरच्या तोंडावर तेवढी घासते.

मोबाइलवरचं कोन मोजण्याचं ॲप इथे पुरेसं आहे. लिव्हर दात्यांवर बसतो, म्हणून क्लॅम्पचा बोल्ट पूर्ण काढून त्याला एक-दोन दाते सरकवता येतं. सरकवण्याआधी शाफ्टवर आणि लिव्हरवर पंचाची मूळ खूण दिसते का बघा, नसेल तर स्वतः करा. इंजिन आणि गिअरबॉक्स मूळ जोडीचे असतील तर कंपनीची खूण जुळवणं हाच बरोबर कोन. केबल त्या कोनाला जुळवायची. दाता सरकवायचा तो पेडलची चाल किंवा केबलची दिशाच बदललेली असेल तेव्हा.

ब्रॅकेट: जागा, जाडी आणि कुठे बांधायचं

केबल म्हणजे फक्त तार नव्हे. तार जेवढ्या जोराने लिव्हर ओढते, तेवढ्याच जोराने आउटर आपल्या ब्रॅकेटला ढकलतं. लिव्हरवर २८ किलोची ओढ असेल तर ब्रॅकेटवरही २८ किलोचा रेटा असतो. म्हणून गिअरबॉक्सकडचं ब्रॅकेट गिअरबॉक्सवरच हवं, चॅसीवर नको. इंजिन रबराच्या माउंटिंगवर डोलतं. ब्रॅकेट चॅसीला असलं की इंजिन डोललं की केबल आपोआप ओढली किंवा सोडली जाते. गाडी उचलताना गचके देते, आणि पोरं क्लच प्लेट बदलून बसतात.

जागा ठरवायला एक पुठ्ठा लिव्हरच्या बाजूला टेपने चिकटवा. लिव्हर मोकळा असताना टोकाच्या भोकाचा मध्य पेन्सिलने टिपा, ही खूण अ. मग नटबोल्ट किंवा पट्ट्याने लिव्हर पूर्ण चाल ओढून धरा आणि दुसरी खूण करा, ब. अ आणि ब जोडणारी रेषा पुढे वाढवा. ब्रॅकेटचं भोक याच रेषेवर यायला हवं. वरून बघतानाही तीच कसोटी: भोकातून सुतळी ओवून लिव्हरच्या भोकापर्यंत ताणा आणि वरून व बाजूने दोन्हीकडून बघा. कोणत्याही बाजूने ५ अंशांपेक्षा जास्त फरक नको. लिव्हर ते ब्रॅकेट अंतर ८० मिमी असेल तर ५ अंश म्हणजे भोक ७ मिमी बाजूला. यापेक्षा जास्त असेल तर ब्रॅकेट पुन्हा कापा. २० अंशांवर २८ किलोपैकी साडेनऊ किलो ओढ आडवी जाते. ती शाफ्टचं बुश आणि तारेची एकेक वेढणी खात राहते.

ब्रॅकेटला ६ मिमी जाड लोखंडी पट्टी घ्या, एल आकारात वाकवा आणि कोपऱ्यात त्रिकोणी तुकडा वेल्ड करा. तो तुकडा नसेल तर ६ मिमीची पट्टीही कोपऱ्यात उघडते. बांधायला बेल हाउसिंगचे आधीचेच दोन बोल्ट वापरा, पट्टीच्या जाडीइतके लांब घेऊन. एका बोल्टवर ब्रॅकेट फिरतं, आणि ॲल्युमिनिअमच्या हाउसिंगमध्ये नवीन भोक पाडणं म्हणजे तडा बोलावणं. वेल्डिंग बाकावर करा. गिअरबॉक्स गाडीत असताना त्यावरच वेल्डिंगची अर्थ वायर लावून टाका मारला तर करंट आतल्या बेअरिंगमधून जातो आणि गोळ्यांवर खड्डे पडतात.

बसवल्यावर कस लावा. ब्रॅकेटच्या टोकाशी पेन्सिल टेकवून शेजारी गिअरबॉक्सवर कागद चिकटवा आणि मदतनिसाला पेडल दाबायला सांगा. रेघ अर्ध्या मिलीमीटरपेक्षा लांब उमटली तर ब्रॅकेट वाकतंय. हीच चाचणी पेडलकडच्या फायरवॉलवर करा. घरच्या गाडीत तिथे बहुधा पातळ पत्रा असतो आणि तो डब्याच्या झाकणासारखा आतबाहेर होतो. मागून ३ मिमीची पट्टी लावून ती पाइपच्या चौकटीला जोडा. लिव्हरकडे हरवलेला एक मिलीमीटर पेडलवर पाच मिलीमीटर होतो, हे ध्यानात असू द्या.

केबल कशी न्यायची

इंजिन मागे असेल तर केबल लांब लागते. लांबीने फारसं बिघडत नाही, वळणांनी बिघडतं. तारेचं घर्षण एकूण किती अंश वळली यावर वाढतं. नायलॉन अस्तराच्या चांगल्या केबलमध्ये १८० अंश वळणं झाली की पेडलकडची ओढ सुमारे ३७ टक्क्यांनी वाढते. २८ किलोचे ३८ होतात. धूळ जाऊन घर्षण दुप्पट झालं की तेच ५२ किलो. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते आणि तेल लागलेल्या तारेला चिकटून तिचा लेप होतो. म्हणून अस्तर असलेल्या केबलमध्ये इंजिन ऑइल ओतायचं नाही. रबरी बूट दोन्ही टोकांना पक्के बसवायचे. लिव्हरकडचा बूट फाटला की पावसाळ्यातला चिखलही आत.

सगळी वळणं मिळून १८० अंशांच्या आत ठेवा, एकही वळण १५० मिमी त्रिज्येपेक्षा लहान नको, आणि आउटरच्या तोंडातून तार निघते तिथे पुढचे ६०-८० मिमी अगदी सरळ. सायलेन्सरच्या पाइपपासून किमान १०० मिमी लांब. जवळून नेणं भागच असेल तर मध्ये पत्र्याची आडोशी पट्टी. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा बोनेटखाली नायलॉन अस्तराला श्वास घ्यायला जागा नसते. १८० अंशांत बसतच नसेल तर केबलचा नाद सोडून तेलाच्या दाबावर चालणारे मास्टर सिलिंडर आणि स्लेव्ह सिलिंडर लावा.

दुचाकीची क्लच केबल जोडून वेळ मारून नेऊ नका. तिची तार बारीक असते आणि कारच्या ओढीला ताणली जाते. दोन तुकडे क्लॅम्पने जोडलेली केबल तर आउटरमध्ये अडकून पेडल खालीच राहू देते.

ॲडजस्टमेंट आता करा

इंजिन एकदा गरम होऊ द्या, मग बंद करा. लिव्हरकडच्या नटाने लिव्हरच्या टोकाची मोकळी चाल २ ते ४ मिमी ठेवा. ५:१ च्या पेडलवर ती १० ते २० मिमीच्या आसपास जाणवेल. मूळ गाडीचं मॅन्युअल हाताशी असेल तर त्यातला आकडा घ्या. चाल शून्य ठेवली तर बेअरिंग सतत डायफ्रॅमवर फिरत राहतं आणि क्लच घसरतो. लॉकनट आवळताना आतला नट पान्याने धरा, नाहीतर तारेला पीळ बसतो.

पेडलखाली स्टॉपर लावायला विसरू नका. क्लच सुटल्यानंतर पेडल आणखी १५-२० मिमी जाईल एवढीच मुभा. त्यापुढे गेलं तर डायफ्रॅमची बोटं वाकतात, आणि सगळा जोर तारेच्या हुकावर येतो.

आता एक चाक उचलून सुरुवातीची चाचणी परत करा, मग इंजिन चालू करून रिव्हर्सची. पेडल सलग पन्नास वेळा दाबा आणि मोकळी चाल पुन्हा मोजा. बदलली असेल तर काहीतरी बसतंय: ब्रॅकेटचे बोल्ट, आउटरची टोपी किंवा फायरवॉल. M८ चा ८.८ ग्रेडचा बोल्ट सुमारे २५ न्यूटन-मीटरने आवळा आणि नेलपॉलिशची रेघ मारा, सुटला तर लगेच दिसेल.

केबल तुटलीच तर कुठे तुटली ते बघा

हुकाच्या किंवा गोल पिनच्या तोंडाशी तुटली असेल तर पिन भोकात फिरत नाही. पिनेला ग्रीस लावा, भोक साफ करा. आउटरच्या तोंडाशी वेढण्या एकेक करून तुटल्या असतील तर रेष चुकली आहे, सुतळी पुन्हा ताणा. मध्येच तुटली तर वळण लहान आहे.

आणि केबलचं अस्तर वितळून तार आउटरला चिकटली असेल, सायलेन्सर मात्र लांब असेल, तर इंजिनाची अर्थ वायर बघा. इंजिन रबरावर बसतं, चॅसी वेगळी. अर्थ पट्टी लावायची राहिली किंवा तिच्याखाली रंग तसाच राहिला, तर स्टार्टरचा करंट परतीची वाट शोधत क्लच केबलच्या तारेतून जातो आणि ती तापते. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, एक टोक इंजिन ब्लॉकला, दुसरं बॅटरीच्या ऋण टोकाला, आणि स्टार्टर मारा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर चॅसी आणि ब्लॉक दोन्हीकडचा रंग घासून जाड अर्थ पट्टी लावा. नवी केबल त्यानंतरच बसवा, नाहीतर तीही पहिल्या स्टार्टलाच तापायला लागेल.